डोंगराच्या दुरुस्त्या

काजूच्या बोंडांचा वास आला की मला आता विटा आठवतात. खऱ्या नव्हेत. खेळण्यातल्या, प्लास्टिकच्या, एकीच्या बटणांवर दुसरी दाबली की टचकन बसणाऱ्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणाला वाटणार नाही. मलाही वाटलं नसतं. पण गेल्या वर्षीच्या हंगामानं त्या अशा काही एकत्र बांधून टाकल्या की यंदा पेडण्याच्या बाजारात पहिल्या बोंडांची टोपली दिसली आणि मी स्कूटर थांबवून नुसतीच उभी राहिले. टोपलीवाल्या बाईनं विचारलं, "कितकी देवू?" मला काही घ्यायचं नव्हतं. पिवळी बोंडं, लाल बोंडं, खाली लोंबणारी करड्या रंगाची बी, आणि घशाला खाजवणारा तो आंबूस गोड वास. मी मान हलवली आणि ऑफिसला निघून गेले.

बाबांच्या हातांविषयी आधी सांगायला हवं. माझे बाबा आयुष्यभर डिचोलीच्या खाणींवर मशीन चालवत होते. मशीन म्हणजे लांब लोखंडी हाताचं, पुढं दात असलेली बादली लावलेलं ते मोठं धूड. लहानपणी आई मला त्यांचा डबा घेऊन पाठवायची तेव्हा मी कडेला उभी राहून बघायची. एवढं अवजड यंत्र, पण बाबांच्या हाताखाली ते मांजरासारखं वागायचं. बादली ट्रकवर न्यायची, अलगद वाकवायची, माती आवाज न करता सोडायची. घरी आले की त्यांच्या पापण्यांवरसुद्धा तांबडी धूळ असायची. आई म्हणायची, "रडलास तर चिखल होईल." ते कधी रडायचे नाहीत, आणि फारसं बोलायचेही नाहीत.

खाणी बंद पडल्या, मग आई गेली, आणि बाबा पेडण्याला माझ्याकडे राहायला आले. त्यांना काय करावं ते कळेना. सकाळी उठून अंगण झाडायचे, दुपारी पुन्हा झाडायचे. माझी मुलगी मुक्ता शिकायला पुण्याला गेली तेव्हा तिचं कपाट आवरायला त्यांनी घेतलं. तिथं तिच्या लहानपणच्या विटांचं खोकं होतं. ते टाकायचं की कुणाला द्यायचं, हे विचारायला ते स्वयंपाकघरात आले. मी पोळ्या करत होते. म्हटलं, "राहू दे, बघू." संध्याकाळी पाहिलं तर बाबा खोलीत फरशीवर बसलेले आणि पुढ्यात एक छोटा टिपर. चाकं, मागचा हौदा, हौद्याची झडप, सगळं. कुठल्या पुस्तिकेत बघून नव्हे, मनानं केलेला.

त्यानंतर ते थांबले नाहीत. मांडवीतून खनिज घेऊन जाणारी बार्ज केली, ते चाळायची चाळणी केली, मशीन केलं. मशीनचा हात दोऱ्यावर चालायचा आणि बादली उघडमीट करायची. मुक्तानं फोनवरून त्याचे फोटो कुठंतरी टाकले आणि म्हापशाच्या एका दाताच्या डॉक्टरांचा निरोप आला. रेवती त्यांचं नाव. म्हापशात असल्या विटांचा छंद असलेली बरीच मोठी माणसं आहेत, ती महिन्यातून एकदा जमतात, आजोबांना घेऊन या. मला हसू आलं. पण बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होऊन बसले होते.

तिथं बँकेतला एक गृहस्थ जुनी रेल्वे स्टेशनं बांधायचा. मिंगेल नावाचे निवृत्त मास्तर फक्त घरं करायचे, दारापुढं बसायचा ओटा म्हणजे बाल्कांव असलेली, कवलं एकेक लावलेली. सगळे आपापल्या विटांची अदलाबदल करत. तुझी निळी मला, माझी पांढरी तुला. बाबा तिथं चक्क बोलायचे. येताना स्कूटरवर माझ्या मागं बसून सांगायचे, अमक्यानं खिडकी कशी उलटी वीट लावून काढली. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी एवढी वाक्यं एका दमात ऐकली नव्हती.

गेल्या वर्षी होळीच्या सुमाराला रेवतीनं ठरवलं, प्रदर्शन भरवायचं. विषय ठेवला, 'आमचा गाव'. प्रत्येकानं आपल्या गावातलं काहीतरी बांधायचं. बाबा त्या दिवशी परतताना गप्प होते. अस्नोड्याच्या बाजूनं वारा येत होता, वाटेत कुठंतरी काजूच्या रसाची भट्टी लागलेली. घरी पोचल्यावर चपला काढता काढता म्हणाले, "माझो गाव तर मीच खणलो."

हे वाक्य मला कळायला वेळ लागला नाही. आमच्या घरात ते कुणी उच्चारत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांचा जन्म डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावर झाला. मागं डोंगर, डोंगराच्या पोटात झर, झरीच्या पाण्यावर खाली पोफळीची बाग, आमचं कुळागर. बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, त्या झरीचं पाणी भरत मोठी झाली. तिचं लग्न लाटंबार्शाला झालं. पुढं डोंगराखाली खनिज निघालं आणि खाण त्या बाजूला सरकली. डोंगराची पहिली फळी कापायचं काम ज्या मशीनला मिळालं, त्यावर बाबा होते. आत्या लाटंबार्शाहून चालत येऊन त्यांना म्हणाली होती, "दुसऱ्याक चालवूंक दी. तू नको." बाबा नवे होते, मी पाळण्यात होते. नाही म्हटलं असतं तर दुसरा चढला असता आणि डोंगर तेवढाच गेला असता. हे त्यांनी तिला सांगितलं. ती उठून गेली. पुढच्या उन्हाळ्यात झर आटली आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पोफळी. माझ्या लग्नाला आत्या आली, अक्षता टाकल्या, मला जवळ घेतलं आणि न जेवता गेली.

तर बाबांनी डोंगर बांधायला घेतला. जेवणाच्या टेबलावर. आम्ही जमिनीवर बसून जेवू लागलो. हिरव्या विटा कमी पडत, म्हणून त्यांनी सगळ्यांकडून मागून घेतल्या आणि त्या बदल्यात टिपर मोडला, बार्ज मोडली. मातीचा तांबडा रंग मिळेना; जो मिळाला तो फार चॉकलेटी वाटे. मग दोन रंग मिसळून, मध्येमध्ये काळी वीट घालून त्यांनी ती जांभ्या चिऱ्याची छटा आणली. मी ऑफिसातून यायची तेव्हा खिडकीतून उन्हाची तिरीप त्या उतारावर पडलेली असे आणि बाबा चष्मा कपाळावर ढकलून एका विटेकडे बघत बसलेले. रोज डोंगर थोडा वर चढलेला असे. काजूची झाडं, एक मोठा फणस, पायवाट, खाली कुळागर, कडेला त्यांचं घर. आणि डाव्या अंगाला, निळ्या पारदर्शक विटांची, बोटाएवढी झर.

मी न सांगता आत्याला फोन केला. तिच्या सुनेनं उचलला. मग आत्या फोनवर आली, मी सगळं सांगितलं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली, "बघीन."

प्रदर्शनाच्या दिवशी म्हापशातल्या त्या हॉलमध्ये बरीच गर्दी झाली. बाबांच्या टेबलाशी माणसं थांबत होती, पण मुलं जायची ती मशीनकडे. डोंगराशेजारी एका छोट्या स्टुलावर ते ठेवलं होतं, त्याचा दोरा ओढून बघायला रांग लागली होती. दुपारी बाबा मिंगेल मास्तरांबरोबर चहाला गेले. फोटो काढणारी मंडळी आली. रेवतीला वाटलं असणार, दोन्ही एकाच माणसाचं काम, एका फोटोत यावं. तिनं ते पिवळं मशीन उचललं आणि डोंगराच्या उतारावर ठेवलं. फणसाच्या थोडं वर. बादलीचे दात मातीवर टेकले. फोटो छान आला, ती म्हणाली. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होते. मी बघितलं तेव्हा टेबलाच्या अलीकडे आत्या उभी होती.

नऊवारी, खांद्याला कापडी पिशवी, कपाळावर घाम. बसमधून उतरून सरळ आली होती. ती डोंगराकडे बघत नव्हती, मशीनकडे बघत होती. मी धावले, पण माझ्या आधी दारातून बाबा आले. ते टेबलाच्या पलीकडे येऊन थांबले. दोघांच्या मध्ये तो डोंगर. आत्या म्हणाली, "हांगाय घेवन इलंस ताका?"

 मी ठेवलं नाही, एवढंही बाबा म्हणाले नाहीत. आत्या वळली आणि गर्दीतून बाहेर गेली.

मी तिला बसस्टँडच्या वाटेवर गाठलं. सांगू लागले की आत्या, त्यांनी नाही ठेवलं, ते चहाला गेले होते, दुसऱ्याच कुणीतरी. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोणी ठेवलां तां माका सांगू नको. चालवी कोण हुतो तां माका ठावक आसा."  आम्ही दोघी उन्हात उभ्या राहिलो. बस आली. एक पाय पायरीवर ठेवून ती मागं वळली.

"आनी झर थंय नाय हुती. फणसाच्या मुळात हुती, उजव्या अंगाक. ताका सांग."

मी परतले तेव्हा रेवती रडकुंडीला आली होती. कुणीतरी तिला थोडंफार सांगितलं होतं. बाबा तिला समजावत होते, "तुमची कसली चूक, डॉक्टर? तुमका काय ठावक." मशीन अजून डोंगरावरच होतं. मी विचारलं, "बाबा, तिला सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "काय सांगू? मशीन माझांच." मग मी झरीचा निरोप सांगितला. ते उजव्या बाजूला गेले, वाकले, फणसाच्या खालच्या विटांवरून बोट फिरवलं. "होय गो," ते म्हणाले, "होय. मुळात हुती." आणि हॉलमध्ये लोक फिरत असतानाच त्यांनी ते सगळं उजवं अंग उपसायला घेतलं.

त्यानंतरचा उरलेला हंगाम मी कधी विसरणार नाही. दर रविवारी मी स्कूटरनं लाटंबार्शाला जायची. फोनमध्ये डोंगराचे फोटो. आत्या भाटात, काजूच्या बागेत असायची, टोकाला खिळा लावलेल्या काठीनं बोंडं टोचून टोपलीत टाकत. पायाखाली वाळलेला पाला कुरकुरायचा आणि सगळीकडे तो वास. पहिल्या खेपेला ती फोन घेईना. मी तो झाडाच्या फांदीला टेकवून ठेवला आणि तिच्याबरोबर बी पिळून वेगळी करू लागले. हाताला डिंक लागत होता. शेवटी तिनं लुगड्याला हात पुसले, फोन उचलला, उन्हापासून आडोसा करून बघितलं.

"हांगाच," ती म्हणाली. "पण वाट अशी सरळ खंय? वळसो घेवन जाय ती."

मी ते घरी आणलं. बाबांनी वाट वळवली. पुढच्या रविवारी दुसरा फोटो, दुसरी दुरुस्ती. कपडे धुवायचा दगड कुठं, बांबूचं बेट कुठवर, त्यांची आई भिंड्याची, म्हणजे कोकमाची, सालं वाळत घालायची तो कातळ कुठला. एकदा राखणदार राष्ट्रोळीच्या घुमटीवरून, म्हणजे छोट्या देवळावरून, भांडण झालं. बाबा म्हणत ती आंब्याखाली, आत्या म्हणे माथ्यावर. "तिका काय म्हायत, ती लग्न होवन गेली!" बाबा माझ्यावर ओरडले. मी तो निरोप तसाच पोचवला. आत्या म्हणाली, "ताका इचार, नारळ फोडूंक धापा टाकत कोण चडताला?" बाबा दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर घुमटी माथ्यावर गेली होती.

मी दोघांना म्हणत राहिले, फोन लावून देते, बोला. बाबा म्हणत, "कशाक? तू सांगतंस मगे." आत्या म्हणे, "तो कामात आसतलो." मधल्या सगळ्या वर्षांविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. मला वाटायचं, काढतील. अजून वेळ आहे.

हंगाम सरत आला होता. आभाळ दुपारनंतर काळवंडू लागलेलं. आत्यानं फोटो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "आनी आमी खंय?"

डोंगरावर एकही माणूस नव्हतं. मला ते तोवर जाणवलंच नव्हतं. मी म्हटलं, "बाबा म्हणतात माणसं नकोत." खरं तर ते तसं कधी म्हणाले नव्हते.

"माका ठेव म्हणान सांग. झरीर. कळशी घेवन." मग म्हणाली, "तोय आसतलो. ल्हान हुतो तेन्ना. ताका काखेत घेवनच मी उदकाक जाय."

मी ते बाबांना सांगितलं तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग खुर्चीवर बसून त्यांनी विटांबरोबर येणाऱ्या त्या चिमुकल्या माणसांचा डबा उपडा केला. एक बाई सापडली, एक लहानगं पोर सापडलं. पण ती माणसं ताठ असतात. त्यांना कंबर नसते, कोपर वळत नाही. बाबांनी पोर तिच्या अंगाला टेकवून बघितलं, पडलं. हाताच्या आकड्यात अडकवलं, ते डोकं खाली करून लोंबलं. मध्ये एक चपटी वीट घालून बघितली. रेवतीला फोन केला, मिंगेल मास्तरांना विचारलं. "यांका कोणाक काखेत घेवंकच येयना," ते म्हणाले, आणि मी त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. शेवटी त्यांनी पोराला तिच्या शेजारी उभं केलं, दोघांचे हात एकमेकांना लागतील न लागतील असे.

तो फोटो बघून आत्या हसली. पुढचे दोन दात पडलेले, चेहरा क्षणात मुलीचा झाला. "बरां दिसता," ती म्हणाली. "पावस सरलो काय येतंय. एकदा दोळ्यांनी बघतंय. ताका सांग, मोडू नको."

मी सांगितलं. बाबा पावसाळाभर त्या डोंगरावरची धूळ रंगाच्या ब्रशनं झाडत होते.

भाद्रपदात, चवथ आटोपून थोडे दिवस झाले असतील, आत्याला ताप आला. सुनेचा फोन आला तोवर तिला डिचोलीच्या दवाखान्यात हलवलं होतं. बाबा म्हणाले, उद्या सकाळी जाऊ. सकाळी गेलो तेव्हा तिला घरी आणलं होतं. पडवीत, घोंगडीवर. बाबा तिच्या पायांशी बसले, ते तिरडी बांधून झाल्यावर सगळे उठा म्हणेपर्यंत. तिच्या सुनेनं मला बाजूला घेऊन सांगितलं की आत्यानं कपाटातून एक धुतलेलं लुगडं काढून वेगळं ठेवलं होतं, पेडण्याला यायला.

या एवढ्या पावसांत, एवढ्या काजूच्या हंगामांत, एक बस पकडून ही दोन माणसं समोरासमोर बसू शकली असती. मी किती वेळा याचा हिशोब मांडायला जाते आणि सोडून देते. कुणाला दोष देता येईल अशी ती गोष्ट नाही. ती रागावली होती ते खरं होतं, त्यांना नोकरी हवी होती तेही खरं होतं. हंगामाच्या त्या दोन महिन्यांत त्यांनी एकमेकांना जेवढं दिलं तेवढं काही बहीणभावंडं जन्मभरात देत नाहीत. पण त्यांनी ते माझ्या हातून दिलं. मला वाटतं, मी मध्ये नसते तर कदाचित ती दोघं भेटली असती.

परवा रविवारी मी बाजारातून आले. दारातूनच विटांचा खळखळाट ऐकू आला. बाबा टेबलाशी बसले होते आणि डोंगर निम्मा उतरला होता. हिरव्या विटा एका टोपात, तांबड्या दुसऱ्यात. माथा गेला होता, घुमटी गेली होती. त्यांचे हात घाई करत नव्हते. एकेक वीट नखानं उचकटायची, बोटांत फिरवून बघायची, आपल्या रंगात टाकायची.

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. मी म्हटलं, "बाबा, हे काय? एवढं सगळं बरोबर झालं होतं."

"रेवती सांगताली, औंदा परत प्रदर्शन आसा," ते म्हणाले. "विटा लागतल्यो."

"म्हणून हा मोडायचा? दुसरं काहीतरी मोडा. परत बांधायला घेतलात तर हा असा होणार आहे का?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा न घालता हातातच धरला.

"आता मी कसोय बांधलंय तरी तो बरोबरच, बाय," ते म्हणाले. "चुकलंस म्हणणारां कोण रवलां नाय."